सुतकातला कौल

शिवदास गुरवाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये मिनीबसखाली उताणा पडला होता आणि त्या बसच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शिव्या अस्सल राजापुरी होत्या. मीही राजापूर तालुक्यातल्याच खाडीकाठचा, जैनुद्दीन माझं नाव, आणि बहारीनला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. परमुलखात आपल्या भागातली शिवी कानावर पडली की माणूस पाघळतो. मी वाकून विचारलं, गाव कुठलं. तो खालूनच म्हणाला, आधी तो पाना इकडे द्या, गाव कुठं पळून जात नाही. आमची ओळख झाली ती अशी.

मी हूरा नावाच्या वस्तीतल्या एका लहानशा ट्रॅव्हल कंपनीत क्लार्क होतो. आठवडाभर लोकांची विमानाची तिकिटं करायची आणि शुक्रवारी गाईड व्हायचं. गाईड म्हणजे फार काही नाही. आवाज मोठा हवा आणि लाज जरा कमी हवी, एवढ्या भांडवलावर धंदा चालतो. सार गावाबाहेरची चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती आणि थडगी, मग बारबारचं पडकं देऊळ, आणि शेवटी अधारीच्या झऱ्यावर पोहणं, असा आमचा दिवसभराचा कार्यक्रम असे. खरं सांगायचं तर लोकांना पडक्या भिंतींशी काही देणंघेणं नसतं. मोठी माणसं भिंतीपुढे उभं राहून फोटो काढतात आणि इंग्रजी शाळेतली पोरं पहिल्या थांब्यापासून विचारत राहतात, "अंकल, व्हेन इज द स्विमिंग?" मीही मग चार हजार वर्षं चार मिनिटांत उरकायला शिकलो. बस त्या गॅरेजची आणि बसबरोबर ड्रायव्हर म्हणून शिवदास.

शिवदास जातीनं गुरव आणि घराण्याचा धंदाही तोच. त्याच्या भावकीकडे गावच्या देवळाची पूजा पाळीपाळीने येई. कोकणाबाहेरच्या माणसाला कौल म्हणजे काय हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. देवाच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक. मग गाऱ्हाणं घालतो, की बा देवा म्हाराजा, हे काम व्हायचं असेल तर उजवं दे, नसेल तर डावं दे. जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि सगळे त्या पाकळ्यांकडे बघत बसतात. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. लग्न, घर, कोर्टकज्जा, सगळं त्या पाकळीवर ठरतं. आमच्या मोहल्ल्यातली माणसंही गुपचूप गुरवाला गाठून विचारून घेत. आज विचाराल तर साफ नाही म्हणतील.

हूऱ्यातल्या आपल्या लोकांना शिवदास गुरव आहे हे कळल्यावर ते त्याच्या खोलीवर खेटे घालू लागले. कुणाला व्हिसाचं विचारायचं असे, कुणाला बायकोचं. तो सगळ्यांना एकच उत्तर देई. देव गावात आहे, मी इथं आहे, मधे दर्या आहे, कौल काही टेलिफोनवर लागत नाही. त्याचा हा ताठा मला आवडायचा. दुसरा असता तर त्याने दगडाला शेंदूर फासून दुकान मांडलं असतं.

त्याला एकच मुलगी होती, स्वप्नाली. जन्मतःच तिच्या काळजाला भोक. चार पावलं पळाली की ओठ निळे पडायचे, असं तो सांगायचा. त्याने तिला पाहिलं होतं ते फक्त लीव्हवर गेला तेव्हा, तेवढंच. शहाण्णवच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला एकदाचा बेड मिळाला. डॉक्टरांनी शिवदासच्या बायकोला, मथुराला, समोर बसवून सांगितलं की ऑपरेशन केलं तर मुलगी टेबलावरच जाण्याचा धोका आहे, आणि नाही केलं तर वर्ष-दोन वर्षांची सोबत. ऑपरेशन शनिवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सही हवी, नाहीतर बेड दुसऱ्याला जाणार आणि पुन्हा नंबर कधी लागेल ते सांगता येणार नाही.

मथुराने मुंबईतल्या आपल्या भावाच्या शेजाऱ्यांकडून फोन करून नवऱ्याला निरोप दिला. कौल मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि हो-नाही मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. गुरवाच्या घरात नांदलेली बाई, तिने तसं म्हणणं साहजिक होतं. पण त्याच आठवड्यात शिवदासचा चुलता वारला. भावकीला सुतक लागलं. सुतकात गुरवाने देवाला हात लावायचा नाही, कौल लावायचा नाही, आणि सुतक असतं ते दर्या ओलांडून आलेल्या गुरवालाही असतं. गावात कौल बंद, इथं तर देवच नाही, आणि बायको मुंबईत हातात पेन घेऊन बसलेली.

तो लीव्ह मागायला गॅरेजच्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाला, लीव्ह ड्यू नाही, मफी, इंशाल्ला जूनमध्ये बघू. तिकीट माझ्या हातातलं काम होतं, मी त्याला तासाभरात विमानात बसवला असता, पण पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅनेजरच्या खिशात. मी स्वतः जाऊन त्या मॅनेजरला चार शब्द सुनावले. त्याने मला चहा पाजला आणि बाहेर काढलं. त्या चहाची चव मला अजून आठवते आणि अजून राग येतो.

हे सगळं मला गुरुवारी रात्रीपर्यंत ठाऊक होतं, म्हणून शुक्रवारी सकाळी बस घेऊन शिवदास स्वतःच आलेला बघून मी चकित झालो. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, आणि डोळे असे की रात्रभर मिटलेले नसावेत. मी म्हटलं, दुसरा ड्रायव्हर बघतो, तू जा. तो म्हणाला, खोलीत बसून काय भिंती बघू? मग बर्फाची पेटी उचलून मागे ठेवायला लागला. फोन दुपारी अधारीहून करायचं त्याचं ठरलं होतं. मुंबईत तेव्हा संध्याकाळ होणार होती.

त्या दिवशी बस आपल्या मराठी मंडळाची होती आणि मंडळाच्या पुढारी होत्या स्मिताबाई, दादरच्या. बाई मनाने चांगल्या, पण गप्प बसणं हा प्रकार देवाने त्यांना शिकवलाच नव्हता. सारला पोचेपर्यंत त्यांनी बसमध्ये दोनदा भेंड्या लावल्या. शिवदास आरशात न बघता गाडी हाकत होता. एरवी मागच्या गाण्याला स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरणारा माणूस, त्या दिवशी त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटून बसले होते.

सारला मी नेहमीसारखा सुरू झालो. इथे रस्ता, इथे घरं, इथे भट्टी. थडग्यांपाशी आल्यावर माझं ठरलेलं वाक्य असे आणि तोंडाला सवय झाली की डोकं लागत नाही. मी म्हटलं, ही मोठी थडगी मोठ्या माणसांची, आणि त्यांना बिलगून ही जी लहान लहान दिसतात ती मुलांची. बोलून मान वळवली तर शिवदास मागेच उभा. तो कधी बसमधून उतरत नसे. त्या दिवशी उतरला होता.

त्याने विचारलं, "भाई, तवा पन पोरं मरायची?"

 उत्तर स्मिताबाईंनीच दिलं. त्या म्हणाल्या, अहो, तेव्हा कुठे औषधं होती, कुठे डॉक्टर होते, आपण सुखी बघा. त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. शिवदासने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्याच डॉक्टर आहेत. "म्हंजे आता नाय मरत ना, बाई?" त्याने विचारलं. बाई हसून नाही म्हणाल्या आणि फोटो काढायला गेल्या. तो त्या लहान खळग्यांपाशी उभा राहिला. मी हाक मारली तेव्हा कुठे हलला.

बारबारला पोचलो तेव्हा जुम्म्याची वेळ होत आली होती. मंडळी खजुरीच्या सावलीत डबे सोडून बसली आणि मी जवळच्या मशिदीत जाऊन नमाज पढून आलो. परत येतो तर शिवदास देवळाच्या कडेला एकटाच उभा. हातात कण्हेरीची दोन फुलं आणि पाण्याची बाटली.

बारबारचं देऊळ म्हणजे आता फक्त घडीव दगडांचे चौथरे. एका अंगाला पायऱ्या उतरतात त्या एका जुन्या झऱ्यापाशी. गोड्या पाण्याच्या देवाची इथं पूजा होत होती, असं मी दर शुक्रवारी घसा ताणून सांगत असे. लोक ऐकत नसत. पण ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला एक माणूस खिडकीतून ते दर शुक्रवारी ऐकत होता, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

शिवदास म्हणाला, "भाई, तुमीच म्हणता ना, हितं देव व्हता म्हणून. पाण्याचा देव. तो माज्या देवाला वळखत असंल. मला सुतक हाय, मी हात लावू शकत नाय. तुमी आत्ता नमाज पढून आलात, हातपाय धुतलेले हायत. तुमी लावा. मी लांबनं गाऱ्हाणं घालतो."

मी त्याला झिडकारलं. नुकताच अल्लापुढे डोकं टेकून आलेला माणूस मी, आणि हा मला दगडाला फुलं चिकटवायला सांगतो. म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तूच ना सगळ्यांना सांगायचास, कौल टेलिफोनवर लागत नाही? आपल्या मंडळाची माणसं बसलीत तिकडे, त्यांतल्या कुणाला तरी सांग. तो म्हणाला, त्यांना सांगितलं तर ते टाळ्या वाजवतील, फोटो काढतील.  मग त्याने विचारलं, "भाई, दुसरं कोण हाय मला?"

 जे केलं ते मी उघड्या डोळ्यांनी केलं आणि त्याचा हिशेब माझा आणि वरच्याचा, त्यात कुणा मौलवीने पडायचं कारण नाही. मी फुलं घेतली. मधल्या चौथऱ्यावर एक उभा दगड होता, भोक पाडलेला, बहुधा जनावर बांधायचा असावा. मी गाईड असूनही मला ते नक्की ठाऊक नव्हतं. शिवदासने लांबून तोच दाखवला. मी पाकळ्या तोडल्या, बाटलीतल्या पाण्यात भिजवल्या, एक उजवीकडे चिकटवली, एक डावीकडे. शिवदास चौथऱ्याच्या बाहेर, वाळूत, चपला काढून उभा राहिला. वाळू तापलेली होती, पण त्याचे पाय हलले नाहीत.

त्याने गाऱ्हाणं घातलं. मी लहानपणी गावात लांबून ऐकलं होतं तेच, तशाच चढत्या सुरात, पण आवाज दाबून, जेवणाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बा देवा म्हाराजा, तुजं नाव मला ठाव नाय, पण तू ज्याला वळखत असशील त्याला सांग, तुजं लेकरू इस्पितळात हाय, तिच्या आईनं सही करायची का नको, करायची असंल तर उजवं दे, नसंल तर डावं दे, म्हाराजा. मग तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मला उशिरा कळलं की तो कशाची वाट बघतोय. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आमच्या कोकणात देवळाच्या गाभाऱ्यात गारवा असतो, ओल असते. पाकळी सावकाश सुटते, माणसाला धीर धरायला वेळ मिळतो. बारबारला वर ऊन आणि वाळवंटातला वारा. वाऱ्याची एक झुळूक आली आणि दोन्ही पाकळ्या एकदमच उडाल्या. उजवी कुठली, डावी कुठली, काही समजायच्या आत त्या वाळूत दिसेनाशा झाल्या.

 शिवदास म्हणाला, पुन्हा लावा. मी पुन्हा लावल्या, या खेपेला चांगल्या भिजवून, दाबून. त्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. वारा पडला होता. आम्ही बघत राहिलो. दगड इतका तापला होता की पाकळ्यांतलं पाणी बघता बघता उडालं आणि त्या पापडासारख्या वाळून दगडालाच बसल्या. उजवी पडेना, डावी पडेना. तो तिकडून कळवळून म्हणत होता, दे म्हाराजा, कायतरी दे, डावं दे, पण दे. मी बाप आहे, मलाही लेकरं आहेत. त्या पाकळ्यांपैकी एक पडावी म्हणून मी मनातल्या मनात कुणाकुणाची नावं घेतली ते सांगत नाही.

तेवढ्यात तिथला म्हातारा राखणदार हातवारे करत आला. दगडाला हात लावायची मनाई होती. त्याने वाळलेल्या पाकळ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि काय समजला कोण जाणे, ओरडला नाही. नखाने दोन्ही पाकळ्या खरवडून काढल्या, फुंकर मारली आणि म्हणाला, "खलास, यल्ला," म्हणजे झालं, आता निघा. शिवदासने चपला घातल्या आणि बस सुरू केली.

  अधारीपर्यंत वाटेत मला त्याला सांगावंसं वाटत होतं की बाबा, डॉक्टर शिकलेला आहे, त्याचं ऐक. पण डॉक्टरनेच तर दोन्हीकडून हात झटकले होते. होय म्हणायचं तरी भीती, नाही म्हणायचं तरी भीती, आणि ते म्हणणार कोण, तर हजारो मैलांवरचा एक ड्रायव्हर.

अधारीचं पाणी पूर्वीसारखं उसळत नव्हतं, तरी पोरांना काय त्याचं. बस थांबायच्या आत ती धावत सुटली. बायका काठावर पाय सोडून बसल्या, पुरुष बनियनवर उतरले, हशा आणि किंकाळ्या सुरू झाल्या. फाटकाजवळ टेलिफोनचं खोकं होतं. शिवदास तिकडे चालू लागला, मी मागोमाग. तो नको म्हणाला नाही. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

शेजाऱ्यांनी मथुराला हाक मारली असावी, कारण तो बराच वेळ नुसता उभा होता. मग म्हणाला, "मथुरा? मी. पोर काय करत्ये?" पलीकडून काहीतरी सांगणं झालं. तो ऐकताना खोक्याच्या काचेवर बोटाने रेघा मारत होता. मग पलीकडे शांत झालं आणि मला कळलं की आता तिने विचारलंय. मला वाटलं, तो रडेल, किंवा सांगेल की कौल लागला नाही, तूच बघ.

तो म्हणाला, "उजवं दिलं. स्वच्छ उजवं दिलं देवानं. कर सही."

असं बोलला की जणू समोरच बघून सांगतोय. मथुराने पुन्हा काही विचारलं. तो म्हणाला, "देवाची गोष्ट मी खोटी सांगीन काय?" आणि कार्ड संपण्याच्या आधीच त्याने फोन ठेवला.

बाहेर आल्यावर तो माझ्यापुढून तसाच गेला, कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि डोकं बुडवून राहिला. वर आला, श्वास घेतला, पुन्हा बुडाला. पोरांना वाटलं ड्रायव्हर अंकल गंमत करतायत. ती त्याच्याभोवती पाणी उडवू लागली. स्मिताबाई काठावरून म्हणाल्या, अहो ड्रायव्हर, ओल्या कपड्यांनी सीट भिजेल ना. माझा संयम तिथे सुटला. मी म्हटलं, बाई, सीट मी पुसतो, तुम्ही भजी खा. त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शनिवारी दुपारी बातमी आली. स्वप्नाली टेबलावरच गेली.

मी तुबलीला धावलो. शिवदास बसखाली होता, पहिल्या दिवशी होता तसाच, पण हातात काही नव्हतं. काम करतोय असं दिसावं म्हणून तो तिथे पडून होता. मी खाली वाकलो तर त्याने तोंड फिरवलं. मॅनेजरने या खेपेलाही सोडलं नाही. म्हणाला, आता जाऊन काय करणार. असला प्रश्न विचारणारा माणूस रात्री झोपतो कसा, हे मला आजवर उमगलेलं नाही. मथुराच्या भावाने सगळं उरकलं आणि बापाने लेकीचं तोंड पाहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी शिवदास बस घेऊन आला. त्यानंतरच्याही. बारबारला मी उतरलो की तो खिडकीची काच वर करून घेई. खरं दुःख त्याने मला पुढे एकदा सांगितलं. मथुरा गावी परतली ती देवाशी भांडण घेऊन. म्हणे, देवाने उजवं दिलं आणि पोर नेली, असला खोटा देव मला नको. घराण्याची पूजेची पाळी आली की ती नैवेद्याचा भात शिजवायला नाकारी. देवळापुढून जाताना पाठ फिरवी. गुरवाच्या घरची बाई असं करते म्हणून गाव नाव ठेवू लागलं, भावकी अंगावर आली. बाई ऐकेना. दर फोनवर ती देवाला शिव्या घाली आणि हा इकडे ऐकून घेई.

तो म्हणायचा, भाई, देव बिचारा गप होता, बोललो मी, आणि शिव्या त्याला पडतायत. मी म्हणायचो, मग सांगून टाक तिला. तो म्हणायचा, कसं सांगू, पोर मी मारली म्हणून? त्या एका गोष्टीने तो आतून पोखरला गेला. जेवण सुटलं, शर्ट खांद्यावरून ओघळू लागले. मी त्याला किती समजावलं की ऑपरेशन नसतं केलं तरी पोर राहणार नव्हती. तो मान हलवी. पटलेलं मात्र कधी दिसलं नाही.

दोन वर्षांनी त्याचा व्हिसा संपला आणि तो कायमचा घरी गेला. पुढच्या सुट्टीत मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो, आतिकाने, माझ्या बायकोने, मथुरासाठी दिलेलं साडीचं कापड घेऊन. पडवीत शिवदास देवळातल्या पूजेची फुलं परडीत निवडत बसला होता. मथुराला मी पहिल्यांदाच पाहत होतो, शिवदासकडच्या फोटोंपेक्षा ती फार लहानखुरी निघाली. तिने पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी बहारीनचा म्हटल्यावर न विचारताच देवावर आली. म्हणाली, ज्या देवाने खोटं उजवं दिलं त्याला हे अजून फुलं वाहतात, यांना काय म्हणावं.

शिवदासच्या हातातली परडी खाली आली. माझ्याकडे एकदा बघून तो म्हणाला, "मथुरा, देवानं कायच दिलं नव्हतं. ह्ये भाई तितं व्हते, इचार. उजवं नाय, डावं नाय. ते मी बोललो."

मी चहाची बशी तशीच धरून बसलो. मला वाटलं, आता ही किंचाळेल, उठून जाईल, त्याच्या अंगावर धावेल. तिने त्याच्यापुढची परडी आपल्याकडे ओढली आणि राहिलेली फुलं निवडायला घेतली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "चुलते गेल्याचं मला कळलं व्हतं. सुतकात कौल लागत नाय, ह्ये गुरवाच्या बायकोला कोणी शिकवायचं? माजा हात सहीला उचलत नव्हता. मला तुमचा शब्द हवा व्हता, तो तुमी दिलात."

 शिवदासने विचारलं, मग इतकी वर्षं देवाला का शिव्या घालतेस.

"कुणालातरी घालायलाच हव्या व्हत्या," मथुरा म्हणाली. "देवाला सोसतं. तुमाला सोसलं नसतं."